साइटवरचे रिस्क असेसमेंट आणि टेस्टिंगचे कागद: खरे कोण भरतं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. सांगलीत गेली १९ वर्षं वायरिंगची कामं घेतोय. लायसन्स आहे, हाताखाली नऊ जण आहेत. त्यातले पाच आयटीआय झालेले, बाकीचे कामावरच तयार झालेले. आजवर बंगले, अपार्टमेंट, दोन-तीन दवाखाने, कुपवाडमधल्या छोट्या शेड, अशी कामं केली. आता तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम मिळालंय. चार चेंबर, कॉम्प्रेसर रूम, पॅनल रूम, जनरेटर. आमच्या मानानं मोठं काम.

वर्क ऑर्डरबरोबर कन्सल्टंटची फाइल आली. ४६ पानं, सगळी इंग्रजीत. रिस्क असेसमेंट (कामातले धोके आणि त्यांवरचे उपाय), मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार), इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन, केबल ओढायची चेकलिस्ट वेगळी, ग्लँडिंगची (केबल पॅनलमध्ये शिरते तिथं ती घट्ट बसवायची) वेगळी, टर्मिनेशनची (वायरची टोकं जोडायची) वेगळी, मग अर्थिंग, मेगर (वायरच्या कव्हरमधून वीज गळते का ते मोजायचं मीटर). हे भरून दिल्याशिवाय बिल पास होणार नाही असं स्वच्छ लिहिलंय.

एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, तर त्यानं त्याच्या मागच्या कामाची भरलेली फाइलच पाठवून दिली. म्हणाला, "नाव आणि तारखा बदल, विषय संपला." उघडून बघतो तर बत्तीस सर्किटं आणि बत्तीसच्या बत्तीसांना इन्सुलेशन रेझिस्टन्स (मेगरवर येणारा आकडा) २०० मेगाओहम. रिस्क असेसमेंटमध्ये टॉवर क्रेनखाली काम करताना घ्यायची काळजी. त्या कामावर टॉवर क्रेन नव्हतीच, मी स्वतः ते काम बघून आलोय.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. त्या कागदाखाली माझी सही जाणार, माझा लायसन्स नंबर जाणार. मला हे खरं करायचंय. पण माझ्या पोरांना ४६ पानं इंग्रजी झेपणारी नाहीत आणि रोज संध्याकाळी मी एकट्यानं बसून भरली तर ती खरी राहणार नाहीत. तुम्ही साइटवर हे नक्की कसं करता? आणि या वेळेचे पैसे कुठून काढता?

मिरजकर | सोमवार, रात्री १०.४०

पहिलं काम, फाइल मराठीत करा. अर्धा प्रश्न तिथंच मिटतो.

सह्यगिरी | सोमवार, रात्री ११.०५

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. साखर कारखान्यांची ओव्हरहॉलिंगची कामं मी बारा-तेरा वर्षं केली. फाइल कुणी वाचत नाही. बिलाला जोडली की कपाटात जाते. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळं उरकायचं असतं, दोन पाळ्या चालतात, पोरं रात्री दहाला पाना ठेवतात. तेव्हा त्यांच्या हातात पेन द्यायचं का? काम चोख करा, पाना नीट फिरवा, कागद ऑफिसात भरा. वायरिंग चांगलं झालं की कागद वाईट असला तरी कुणी मरत नाही. कागद चांगला आणि वायरिंग वाईट असेल तर मात्र मरतं.

अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ६.५०

सह्यगिरी, शेवटच्या वाक्याशी सहमत, पण एक विचारतो. वायरिंग चांगलं झालं हे तुम्हाला कळतं कशावरून?

मी साताऱ्यात राहतो, नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आयुष्य टेस्टिंगमध्ये गेलं. त्या बत्तीस वेळा २०० मेगाओहमबद्दल सांगतो, कारण नव्या मुलांनी हे समजून घ्यायला हवं.

लो व्होल्टेजच्या वायरिंगला आपण ५०० व्होल्ट डीसीनं मेगर करतो, मिनिटभर, आणि फेज-न्यूट्रलपासून अर्थपर्यंत किमान १ मेगाओहम यायला पाहिजे. जुन्या लोकांना ५० भागिले पॉइंटांची संख्या हा हिशोबही आठवत असेल. पण हा झाला पास-नापासचा आकडा. खरं शहाणपण त्याच्या पुढं आहे. तीन मीटरची वायर आणि साठ मीटरची वायर सारखं रीडिंग देत नाहीत. लांबी वाढली की गळतीच्या वाटा वाढतात आणि रीडिंग उतरतं. ओल असेल तर उतरतं, ऊन तापलं तरी उतरतं. म्हणून खऱ्या मोजणीचा तक्ता ओबडधोबड दिसतो: कुठं ३४०, कुठं ९०, कुठं "स्केलच्या बाहेर". एकसारखा तक्ता दिसला की मेगर पेटीतून बाहेरच निघाला नाही असं मी बेधडक समजायचो, आणि साइटवर जाऊन कुठलीही तीन सर्किटं माझ्यासमोर मोजायला लावायचो.

मेगर करताना एलईडी ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्शन, इलेक्ट्रॉनिक स्टार्टर आधी सोडवून ठेवा, नाहीतर ते जळतील किंवा रीडिंग खोटं येईल. आणि झाल्यावर केबल डिस्चार्ज करा. लांब केबल चार्ज धरून बसते, चांगला झटका देते.

गावभागातली | मंगळवार, सकाळी ९.३०

मी या व्यवसायातली नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. गावभागात आमच्या घरात जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर सगळ्यांना एकच घाई, दिवे कधी लागतात. चिखल काढायला मोटर हवी, पाणी चढवायला मोटर हवी. आमच्या समोरच्यांनी बोर्ड पुसून, पंख्याच्या हवेवर एक दिवस वाळवून मेन चालू केला. बोर्डातून धूर आला. माणसं वाचली, एवढंच.

आमच्याकडे नेहमी येणारे वायरमन काका आले, ते आधी मीटर घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरले. लिहायला वही कुठली, सगळं भिजलेलं. वरच्या मजल्यावर भिंतीला कॅलेंडर होतं, त्याचा ऑगस्टचा कागद फाडून मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलनं खोल्यांची नावं लिहिली आणि पुढं आकडे. माजघर १.४. देवघर ०.९. स्वयंपाकघर ०.२. आई म्हणाली, "अहो, निदान स्वयंपाकघराचं तरी चालू करा." ते म्हणाले, "वहिनी, नेमकं तेच चालू करता येत नाही." सगळे सॉकेट उघडून टाकले, आत गाळ बसलेला. पाइपात फुंकून पाणी काढलं. दोन दिवसाआड यायचे, त्याच कागदावर पुढच्या रकान्यात नवा आकडा. स्वयंपाकघर ०.२, मग ०.६, मग ०.६ च. तेव्हा त्यांनी ती वायर उपसून नवी टाकली. अकराव्या दिवशी सगळं घर चालू झालं.

तो कागद आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीत ठेवलाय. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा काकांनी तोच काढला आणि खाली तारीख टाकून पुढं लिहायला लागले. तुमच्या ४६ पानांचं मला कळत नाही, पण तुम्ही ज्याला खरा कागद म्हणताय तो मी बघितलाय.

मिरजकर | मंगळवार, सकाळी ९.४८

ताई, त्या काकांना माझा नमस्कार सांगा. भेटले तर माझ्याकडून एक भडंगाचं पाकीटही द्या, पैसे मी देतो.

कुपवाड_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १.१५

रिस्क असेसमेंटबद्दल लिहितो. टेस्टिंगचं अजिंक्यतारा सरांनी सांगितलंच.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, नाव नको. रविवारचं शटडाऊन, मेन पॅनलमध्ये बसबारचे (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) नट आवळायचे होते. कागद तयार होता: "धोका: विजेचा धक्का. उपाय: शटडाऊन घेणे, हातमोजे वापरणे." खाली सह्या. मेन ब्रेकर पाडला, पोरानं टेस्टरनं तीनही फेज बघितले, काही नाही. कव्हर काढलं. पाना हातात घेऊन तो बसबारकडे वळणार एवढ्यात मागच्या शेडमधून जनरेटरचा आवाज सुरू झाला. पोरगा गावाकडचा, कानाचा तिखट. "साहेब, जनरेटर!" म्हणत दोन पावलं मागं सरला. काही सेकंदांत बसबार जिवंत झाला.

काय झालं होतं? जनरेटरचं पॅनल ऑटोवर होतं. त्याला वाटलं लाइट गेली, त्यानं त्याचं काम चोख केलं. आमच्या कागदात जनरेटर हा शब्दच नव्हता, कारण तो कागद दुसऱ्या कुठल्या तरी प्लँटचा नक्कल केलेला, आणि तिथं जनरेटर नसावा.

सह्यगिरी दादा म्हणतात कागद वाईट असला तरी कुणी मरत नाही. त्या दिवशी मेलं असतं.

आता मी कुठल्याही कामाच्या कागदावर पहिला प्रश्न एकच लिहितो: इथं वीज किती वाटांनी येऊ शकते? महावितरणची लाइन, जनरेटर, यूपीएस, सोलर, कपॅसिटर बँक, शेजारच्या शेडमधून कुणी ओढलेली वायर. प्रत्येक वाट पोरांबरोबर चालत जाऊन बघायची. मग प्रत्येकीला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, टॅगवर त्याचं नाव. टेस्टर आधी चालू पॉइंटवर बघायचा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधल्या मध्ये टेस्टरच मेला तर कळलं पाहिजे. आणि शेवटी बसबार अर्थला बांधायचे.

सह्यगिरी | मंगळवार, दुपारी २.२०

कुपवाड, हे वाचून अंगावर काटा आला. माझं ते वाक्य मागं घेतो. नकललेला कागद नुसता निरुपयोगी नसतो, तो माणसाला गाफील करतो, हे मान्य.

पैशाचा मुद्दा मात्र सोडणार नाही. चांगला मेगर, अर्थ टेस्टर, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) टेस्टर, दरवर्षी तिन्हीचं कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतो का याची तपासणी), वर दोन माणसांचे दिवस. टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाववाल्याला काम जातं. जो मोजतच नाही त्याचा भाव कायम कमी राहणार. प्रामाणिक माणसानं हे कुठून आणायचं?

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी ४.००

टेस्टिंग दरात गुंडाळू नका. कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका: "टेस्टिंग व रेकॉर्ड, प्रति सर्किट." मालक विचारेल हे काय. मग त्याला समजावून सांगायची संधी मिळते. काही जण कापतील, काही ठेवतील. मी बघितलंय, ज्याच्या फॅक्टरीत एकदा आग लागलेली असते तो कधीच कापत नाही.

माणदेशी_वायरमन | मंगळवार, रात्री ९.५५

मी आटपाडीकडचा. बावीस वर्सं झाली हातात पक्कड हाय. आवो, तुमी सगळी मोठी मानसं लिवताय ते बरूबर हाय, पर एक बोलतो. ज्येला शॉक बसनार, त्येला कुनी इचारतंय का, की बाबा तुला हितं कशाचं भ्या वाटतंय?

फायलीत लिवत्यात "उंचीवर काम, सेफ्टी बेल्ट". बेल्ट हाय, पर तो अडकवायचा कुठं? पत्र्याच्या शेडमंदी पर्लिनला, म्हंजी पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला, हुक न्हाय. शिडी फरशीवर घसरती, खाली गोनपाट टाकून कुनी तरी पाय देऊन हुबा ऱ्हाया लागतो, त्ये मानूस तुमच्या हिशोबात न्हाय. पावसाळ्यात फीडर पिलरमंदी, म्हंजी भाईरच्या विजेच्या पेटीत, साप बसतो, उबीला. मी दोनदा बघितलाय, एक तर घोनस. कंच्या फायलीत साप लिवलाय? उनाळ्यात दुपारी पत्र्याखाली डोकं चक्रावतं, त्या टायमाला टर्मिनेशन करू नये, चूक व्हतीच. ह्ये आमास्नी म्हाईत असतंय. सकाळी धा मिन्टं हुबं करून इचारा, आमी सांगतो, तुमी लिवा. मंग ती फाइल आमची हुईल.

इंग्रजी मला वाचाया येत न्हाय. पर आकडा वाचाया येतो, मीटर वाचाया येतो.

नीराकाठ_सुरक्षा | मंगळवार, रात्री १०.३०

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद मी उद्या आमच्या ट्रेनिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. नाव न घेता, परवानगी आहे ना?

मी शिरवळला एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. रिस्क असेसमेंटमध्ये आम्ही शक्यता १ ते ५ आणि परिणाम १ ते ५ असा गुणाकार करतो. लोक त्या गुणाकारातच अडकतात: १२ लिहू की ८ लिहू. माझ्या मते आकडा दुय्यम. खरा कस "उपाय" या रकान्यात लागतो. तिथं सगळीकडे "हेल्मेट, हातमोजे, जागरूकता" असं दिसलं की समजावं कुणी विचार केलेला नाही. आधी धोकाच काढून टाकता येतो का? म्हणजे लाइन बंद करूनच काम. नाही तर कमी धोक्याची वस्तू, ओल्या जागी २३० च्या हॅन्डलॅम्पऐवजी २४ व्होल्टचा. नाही तर कुलूप, आरसीसीबी, आडोसा. मग परमिट, सूचना. हातमोजे अगदी शेवटी.

कृष्णाकाठ, तुमच्या कोल्ड स्टोरेजबद्दल तीन गोष्टी, ज्या त्या इंग्रजी फाइलमध्ये बहुधा नसतील.

एक, अमोनिया. तुमच्याकडे अमोनियाचं कॉम्प्रेसर असेल तर तांबं आणि पितळ दोन्ही त्याला आवडतात. पितळी ग्लँड, उघडे तांब्याचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे तुकडे) हिरवे पडून खाल्ले जातात. कथलाचा मुलामा दिलेले लग घ्या, ग्लँडचं मटेरियल कन्सल्टंटकडून लेखी घ्या. शिवाय अमोनिया हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला तर पेट घेऊ शकतो. तेव्हा कॉम्प्रेसर रूमचा एक्झॉस्ट फॅन आणि त्याचा स्विच खोलीबाहेरून चालेल असा हवा, आणि बाकीची वीज तोडली तरी तो फॅन चालू राहिला पाहिजे.

दोन, पाइपातलं पाणी. बाहेर ३८ डिग्री, आत ४ डिग्री, आणि मध्ये तुमचा कंड्युट, म्हणजे वायरचा पाइप. बाहेरची दमट हवा पाइपातून आत जाते आणि थंड बाजूला तिचं पाणी होतं. ते सरळ जंक्शन बॉक्समध्ये, पंख्याच्या टर्मिनलवर. भिंत ओलांडताना प्रत्येक पाइप आतून सील करा. याचा फोटो सील करतानाच काढा, नंतर दिसत नाही.

तीन, पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती. आतला फोम पेट घेतो. जवळ वेल्डिंग, ग्राइंडिंग चालू असताना तुमची पोरं तिथं असतील, तर अग्निशामक कुठं आहे हे त्यांना सकाळीच दाखवा.

माणदेशी_वायरमन | मंगळवार, रात्री १०.४१

वाचा की ताई. नाव घेतलं तरी चालतंय.

वाईचा_पाहुणा | बुधवार, सकाळी ८.२०

थोडं विषयांतर. अर्थिंगच्या कागदावर तारीख का लागते याचा माझा अनुभव. पाचगणीकडे जांभ्या खडकात अर्थपिट केला, अडीच मीटर पाइप उतरवायला दोन दिवस. ऑगस्टमध्ये रीडिंग सुंदर. तोच पिट मेमध्ये मोजला तर जवळजवळ तिप्पट. तिकडं कृष्णेच्या काठच्या काळ्या मातीत उलटीच गंमत: माती उत्तम, ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती इलेक्ट्रोडपासून सुटते. ज्याला अर्थिंग कायमचं बसवलं असं वाटतं त्यानं एकदा मे महिन्यात मोजावं.

अजिंक्यतारा | बुधवार, सकाळी ८.४५

उत्तम मुद्दा. मोजायची पद्धतही लिहा कागदावर. अर्थ टेस्टरचे दोन खिळे जमिनीत ठोकतात. लांबचा खिळा ३० मीटरवर असेल तर मधला साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. मग तो दोन-दोन मीटर पुढंमागं करून बघायचा. रीडिंग फारसं हललं नाही तर खरं. बरेच जण दोन्ही खिळे जागा मिळेल तिथं ठोकतात आणि येईल तो आकडा लिहितात.

गावभागातली | बुधवार, दुपारी १२.१०

आमच्यासारख्या घरवाल्यांनी काय मागायचं? बहीण विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतेय.

कुपवाड_शिफ्ट | बुधवार, दुपारी १२.५०

ताई, बिल्डरकडे दोन कागद मागायला सांगा. प्रत्येक सर्किटचं मेगरचं रीडिंग, आणि कुठली एमसीबी (बोर्डातला छोटा ब्रेकर) कुठल्या खोलीची हा तक्ता. तक्ता डीबीच्या (या ब्रेकरांच्या पेटीच्या) झाकणाच्या आत चिकटवलेला असावा. मग ३० मिलिअँपची आरसीसीबी आहे का बघा. तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडली पाहिजे. पण बटणानं फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, घराचं अर्थिंग आहे की नाही हे त्यातून कळत नाही. ते वेगळं मोजून घ्या. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटला तर नक्की.

मिरजकर | बुधवार, दुपारी १.३०

एक कडू बोलतो. आपल्याकडे सही विकली जाते. कनेक्शनसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि घर न बघता त्यावर सही-शिक्का देणारे सगळ्यांना माहीत असतात. त्या सहीवर नवीन लग्न झालेलं जोडपं राहायला जातं, पाळण्यातलं मूल राहायला जातं. मी एकदा मयताला गेलो होतो, मिक्सर लावताना गेलेली बाई. घरात अर्थची वायर होती, पण वर बोर्डात मोकळी लोंबत होती. रिपोर्टवर "अर्थिंग ठीक". तेव्हापासून मी न मोजता एकही सही केलेली नाही. दोन गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

सह्यगिरी | बुधवार, दुपारी १.४४

मिरजकर, शब्द नाहीत.

सोलर_खटाव | बुधवार, रात्री ८.१५

सोलरवाल्यांसाठी: कागदावर "मेन बंद" लिहून भागत नाही. ऊन आहे तोवर पॅनलची डीसी बाजू जिवंत. एसीसारखी ती शून्यातून जात नाही, म्हणून ठिणगी पडली की कमान तुटत नाही, जळत राहते. डीसी कनेक्टर लोडवर कधीही उपसू नका. छपरावर चढण्याआधी हे एवढं तरी पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.

कृष्णाकाठ | २५ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, उशीर झाला. काम चालू होतं म्हणून लिहिलं नाही. तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत ते वापरलं, म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

४६ पानांमधून आमच्या कामाला लागू होतील अशा गोष्टी काढल्या आणि एका डीबीला एक असा मराठी तक्ता केला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, भोक पाडून सुतळीनं त्याच डीबीला टांगला, शेजारी पेन्सिल बांधली. पेन घामानं, धुळीनं चालत नाही, पेन्सिल चालते. रकाने: सर्किट नंबर, कुठून कुठं, वायरची लांबी, कंटिन्युइटी (वायर सलग आहे का), मेगर, टॉर्कची (नट ठरावीक जोरानं आवळल्याची) खूण मारली का, कुणी मोजलं, किती वाजता, पाऊस की ऊन. मोजणाऱ्यानंच लिहायचं. मी फक्त संध्याकाळी कुठलीही तीन पुन्हा मोजतो, अजिंक्यतारा सरांसारखी.

सकाळी दहा मिनिटं गोल उभं राहायचं. माणदेशी दादा, पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुमचा प्रतिसाद मोबाइलवरून वाचून दाखवला. सापाचं ऐकून एक जण म्हणाला, चेंबर दोनच्या मागं केबल ट्रेंच उघडा आहे, रात्री तिथून चालताना पाय जाईल. कन्सल्टंटच्या यादीत तो नव्हता. त्याच दिवशी फळ्या टाकल्या. "वीज किती वाटांनी" हा प्रश्न विचारल्यावर कळलं की बांधकामवाल्यानं त्याच्या मिक्सरसाठी आमच्या पॅनल रूममधून एक तात्पुरती लाइन मागच्या खिडकीतून नेली होती. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. चेंबर तीनमधल्या कूलिंग फॅनच्या सहा सर्किटांचं मेगर सर्वात धाकट्या पोरानं केलं. आयटीआय होऊन वर्ष झालंय त्याला. आकडे आले ३१०, २८०, ३४०, ४.२, २९५, ३०५. नियमानं ४.२ पास आहे, १ च्या वर आहे. दुसरा कुणी असता तर "ओके" अशी खूण करून पुढं गेला असता, मीही गेलो असतो कदाचित. पण तक्त्यात खूण करायचा रकानाच नव्हता, आकडा लिहायचा होता. त्यानं आकडा लिहिला, वरखाली बघितलं आणि मला बोलवायला आला. "दादा, लांबी सारखीच आहे, मग हाच एवढा कमी का?"

दोन्ही टोकं सोडवली, तरी ४. वायर उपसायला घेतली तर अडकली. पफ पॅनलच्या कोपऱ्यावर पत्र्याची पट्टी मारणाऱ्यांचा एक सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू कंड्युटच्या आरपार गेला होता. टोक वायरच्या कव्हरमध्ये रुतलेलं, तांब्याला नखभर बाकी. नीराकाठ ताईंनी सांगितलेलं पाइपातलं पाणी त्या जागी यायला फार दिवस लागले नसते, आणि तो सगळा कोपरा स्टीलच्या पत्र्याचा. बेदाण्याचे क्रेट उचलणाऱ्या बाया त्याच पत्र्याला टेकून उभ्या राहतात.

तो स्क्रू मी ठेवलाय. त्या तक्त्यालाच सेलोटेपनं चिकटवलाय.

कन्सल्टंट आले तेव्हा फाइल कुठंय विचारलं. मी त्यांना डीबीपाशी नेलं. त्यांनी सगळे तक्ते उभ्यानं वाचले, मराठी वाचता येतं त्यांना, पुण्याचे आहेत. म्हणाले, वर एक इंग्रजी पान सारांशाचं जोडा, मूळ तक्ते असेच राहू देत, झेरॉक्स द्या. टेस्टिंगची ओळ कोटेशनमध्ये नव्हती, तरी मालकांनी स्क्रू हातात घेऊन बघितला आणि मेगर-अर्थिंगचे दोन दिवस वेगळे मान्य केले. पुढच्या कामात ती ओळ आधीच टाकतोय.

अजिंक्यतारा | रविवार, संध्याकाळी ७.०२

वाचून डोळे भरून आले. तक्त्यातला ४.२ हा आकडा आयुष्यभर लक्षात राहील त्या मुलाच्या. एक सुचवू? मेगरचा सिरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीखही तक्त्याच्या वर असू द्या. वर्षानं हेच सर्किट कुणी मोजलं तर तुलना करता येईल.

माणदेशी_वायरमन | रविवार, संध्याकाळी ७.२०

पोराचं नाव लिवलंय ना तक्त्यावर?

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.२४

हो दादा, त्याच्याच अक्षरात. वेळेसकट.

सह्यगिरी | रविवार, रात्री ९.१०

तक्त्याचा फोटो मिळेल का? येत्या ऑफ-सीझनला मिल हाउसच्या पॅनलांवर लावून बघतो. लांबीचा रकाना मी कधी ठेवलाच नव्हता.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.३०

उद्या साइटवरून टाकतो, सरांचा सिरियल नंबरचा रकाना वाढवून. चेंबर चारची आठ सर्किटं अजून मोजायची राहिलीत, सकाळी सातला सुरू करतोय.